विषय : यादीतून नाव वगळण्याबाबत

खंडू पाणक्याचं उत्तर आलं तेव्हा कुमुदिनीबाई मटार सोलत बसल्या होत्या. दोन हजार दोन सालचा जानेवारी, सकाळचे अकरा वाजून गेलेले, पण दिल्लीच्या द्वारकेतल्या त्यांच्या नवव्या मजल्यावरून समोरची इमारत दिसत नव्हती. धुक्याने ती सकाळीच गिळून टाकली होती. पद्माकरराव खालून टपाल घेऊन आले, त्यांनी मफलर सोडला आणि एक पोस्टकार्ड मटारच्या सालांवर ठेवलं.

"तुझ्या त्या परिषदेचं दिसतंय," ते म्हणाले. "चला, एकाला तरी लाज वाटली."

कार्डावर तपकिरी शाईत, शाळामास्तरी वळणात चार ओळी होत्या. 'संपादक महोदया, आपका पत्र मिला। हाज़िर हूँ। देर हुई, क्षमा करें। सूची से नाम न काटा जाए। खंडू पाणक्या, छावनी, पानीपत।' सहीच्या जागी निळ्या शाईतला अंगठा होता.

कुमुदिनीबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. खंडू पाणक्याला त्या चांगलं ओळखत होत्या. तो भाऊसाहेबांच्या फौजेला पाणी पुरवायला सतराशे साठ साली उत्तरेत आला होता, आणि पुढच्या संक्रांतीनंतर त्याला कोणीही पाहिलेलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा माणूस मेलाय."

"अरेरे! कधी?" पद्माकररावांनी हळहळून विचारलं.

"दोनशे एक्केचाळीस वर्षं झाली."

कुमुदिनी खांबेटे दिल्लीतल्या एका कॉलेजात इतिहास शिकवत. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी तिथे 'संगणक आणि मानव्यविद्या' या विषयावर परिषद भरवली होती. संगणकाची हवाच अशी होती की, ज्यांना माऊस उजव्या हातात धरायचा की डाव्या हे ठाऊक नव्हतं तेही त्यावर निबंध वाचून गेले. आता त्या निबंधांचा ग्रंथ काढायचा होता, आणि परिषदेपेक्षा ग्रंथ अवघड असतो हे ज्याने काढला त्यालाच कळतं. वाचायला सगळे पुढे. लिहून द्यायची वेळ आली की कुणाची मुलगी बाळंत होते, कुणाची फ्लॉपी उघडत नाही. नऊ विद्वानांनी अजून काहीच दिलं नव्हतं.

त्या ग्रंथात कुमुदिनीबाईंचं स्वतःचं असं एकच काम होतं. अकरा उन्हाळे त्यांनी पुण्यात मोडी कागद चाळून पानिपतावर हरवलेल्या साध्या माणसांची यादी केली होती. सरदार-दरकदारांची नावं सगळ्यांनाच पाठ असतात. यांनी शोधले ते बुणगे: पाणके, न्हावी, परीट, पखालजी, कासार. चारशे बारा नावं. प्रत्येकापुढे गाव, काम, अखेरची माहिती, आणि शेवटच्या रकान्यात एकच शेरा, 'परत आला नाही'.

ही यादी संगणकात चढवली सिद्धांतने. तो पुण्याचा, गुडगावच्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आणि त्याच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहणारा. शहाण्णव फ्लॅटांच्या त्या सोसायटीत जेमतेम तीस घरांत माणसं होती, बाकीच्यांना मालकांनी कुलपं घातली होती. वारा सुटला की रिकाम्या घरांची दारं आपापसांत बोलत. त्यामुळे मराठी बोलणारं माणूस भेटल्यावर दोन्ही घरांनी एकमेकांना सोडलं नव्हतं. कुमुदिनीबाईंनी पोस्टकार्ड घेऊन त्यालाच गाठलं.

"अरे, स्मरणपत्रं तू कुणाकुणाला काढलीस?"

"निबंध न देणाऱ्यांना, काकू. नऊ जण आहेत ना?"

"नऊ? आणि ह्यांनी दोन पिशव्या भरून टपाल टाकलं ते?"

सिद्धांतने संगणक उघडला आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला. "काकू, ॲक्चुअली काय झालंय... लेखकांचं एक टेबल आणि तुमच्या हरवलेल्या लोकांचं दुसरं, हे बॅड डिझाइन असतं. म्हणून मी एकच टेबल केलं, 'व्यक्ती' नावाचं. लेखकांना खूण एक, हरवलेल्यांना खूण दोन. माणूस तो माणूस, आजचा काय नि तेव्हाचा काय."

"मग?"

"मग मी एकच्या जागी दोन दाबलं वाटतं."

म्हणजे खंडू पाणक्यासकट चारशे बारा जणांना पत्र गेलं होतं. 'महोदय, आपका निबंध अभी तक प्राप्त नहीं हुआ है। स्थिति : परत आला नाही। पंद्रह दिन में उत्तर न आने पर सूची से आपका नाम काट दिया जाएगा।' स्थितीचा रकाना संगणकाने इमानाने मराठीतून जसाच्या तसा उचलला होता.

"पण पत्ते तरी वाचायचेत!" कुमुदिनीबाई घरी येऊन नवऱ्यावर घसरल्या.

पद्माकरराव एका सरकारी खात्याच्या डिस्पॅच सेक्शनमधून निवृत्त झाले होते. आपण डकवलेलं पाकीट परत येणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. "वाचले नाहीत कसे? सगळ्यांवर नुसतं 'छावणी, पानिपत'. पिन कोड एकावरही नाही! चारशे बारा पाकिटांवर मी हाताने पिन कोड घातलाय."

"आणि चारशे बारा विद्वान एकाच पत्त्यावर राहतात, याचं काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं ना. पण हल्ली हायवेवर रोज एक नवं इन्स्टिट्यूट निघतंय. म्हटलं, ह्यांनी स्टाफ क्वार्टर्स बांधली असतील."

यावर एरवी कुमुदिनीबाई पोट धरधरून हसल्या असत्या. त्या दिवशी हसू आलं नाही, आणि त्याचं कारण त्यांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

पत्रं पेटीत पडली ती दोन जानेवारीला दुपारी. त्याच दुपारी कुमुदिनीबाई करोल बागेत चोप्रांच्या छापखान्यात बसल्या होत्या. खाली लेहंग्यांचं दुकान, शेजारी मोटारीची सीटकव्हरं, आणि वर चोप्रासाहेब डोकं धरून. "मैडम, मेरे कंप्यूटर पर आपके सारे आदमी डिब्बे बन गए हैं," ते म्हणाले. खरंच तसं झालं होतं. सिद्धांतचा फॉन्ट चोप्रांच्या यंत्राला कळत नव्हता. पडद्यावर चारशे बारा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत नावाच्या जागी रिकामे चौकोन. एकसारखे, ओळीने मांडलेले. कुमुदिनीबाईंना ते बघवलं नाही.

चोप्रांनी हिशेब सरळ मांडला. यादी काढून टाकली तर ग्रंथ अठ्ठावीस मार्चला तयार. यादी हवी असेल तर सगळी नावं पुन्हा बसवायची, म्हणजे जून. आणि एकतीस मार्चला कुमुदिनीबाई निवृत्त होत होत्या. कॉलेजचा नियम असा की, ग्रंथावर संपादक म्हणून नोकरीतल्याच माणसाचं नाव पडणार. जून उजाडला तर ते विभागप्रमुख डॉ. भटनागरांचं पडलं असतं, आणि भटनागरसाहेबांनी परिषदेत समोसे सोडून कशातही भाग घेतला नव्हता. चौतीस वर्षांच्या नोकरीत बाईंच्या नावावर एकही ग्रंथ नव्हता.

"हटा दीजिए," त्या म्हणाल्या होत्या, चोप्रांकडे न बघता.

हे फक्त दोघांना माहीत होतं, बाई आणि चोप्रा. आणि नेमक्या त्याच वेळी द्वारकेच्या लाल पेटीत पद्माकरराव चारशे बारा जणांना कळवत होते की, तुमचं नाव काढून टाकण्यात येईल. बोलाफुलाला गाठ पडते म्हणतात. पण ती इतकी नेमकी पडली की अंगावर काटा येतो.

पुढच्या आठवड्यात पाकिटं परत यायला लागली. 'पता अधूरा' असा शेरा मारलेले गठ्ठे रोज. पद्माकरराव ते निमूटपणे दिवाणाखाली सरकवत आणि जेवताना बोलत नसत. पण गठ्ठ्यांबरोबर दर एक-दोन दिवसांनी एक पोस्टकार्डही येई. येसू न्हावी हाजिर होता. हसन पखालजी हाजिर होता. सटवा परिटाला देर झाल्याबद्दल क्षमा हवी होती. शाई तीच, अक्षर तेच, अंगठा मात्र दर वेळी वेगळा.

"कोणीतरी चेष्टा करतंय," सिद्धांत म्हणाला.

"कोण? ही नावं माझ्या मोडी कागदांत नि तुझ्या संगणकात. आणि पाकिटं तर पत्ता नाही म्हणून परत येतायत. मग वाचली कोणी?"

सिद्धांतने यावर बराच विचार केला आणि व्हायरस असू शकेल असं सांगितलं. पण तेव्हापासून तो दहाव्या रिकाम्या मजल्यावरून जिन्याने यायचा बंद झाला. लिफ्टची वाट बघत उभा राहायचा.

सातवं पत्र पोस्टकार्ड नव्हतं, पाकीट होतं. ते राघो कासाराचं. राघो हा मौजे चिंचसरे, प्रांत सातारा इथला. फौजेबरोबर बायाबापड्या होत्या, त्यांना बांगड्या भरायला गेलेला. बाईंनी पत्र उघडलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

'महोदया, आपने मेरे नाम के आगे लिखा है कि परत आला नाही। यह ग़लत है। मैं लौटा था। बारह बरस लगे। घरवालों ने पहचाना नहीं। इतना सुधार कर लें, और नाम न काटें।'

"अहो," बाई आतल्या खोलीकडे बघून म्हणाल्या. आतून ओ आली नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या, "अहो!"

पद्माकररावांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "मसुदा चांगला आहे," ते म्हणाले. पण मग त्यांनी पाकिटावरचा टपालाचा शिक्का उजेडाकडे धरून पाहिला.

त्या दिवसापासून कुमुदिनीबाईंचं लक्ष कशात लागेना. अकरा वर्षं ज्यांना शोधलं, ते आता गयावया करत होते, आणि जिच्याकडे करत होते तिनेच त्यांना गुपचूप कापून टाकलं होतं. वर्गात हजेरी घेताना 'प्रेजेंट मॅम' ऐकलं की त्या दचकत. देवापुढे दिवा लावताना त्यांनी एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं की, बाबांनो, एकच तर ग्रंथ आहे माझा, तुम्ही इतकी वर्षं थांबलात, आणखी थोडं थांबा. म्हटल्यावर त्यांनाच स्वतःची शरम वाटली.

रविवारी धुकं सगळ्यात दाट होतं. वीज गेली होती, लिफ्ट बंद होती, आणि चहा ओतत असताना दारावरच्या चौकीदाराचा इंटरकॉम वाजला.

"मैडमजी, पानीपत से सात आदमी आए हैं। आपका काग़ज़ दिखा रहे हैं।"

"नाम क्या हैं?" बाईंनी विचारलं.

"पूछा जी। लिखवा रहे हैं... खंडू, येसू, हसन, सटवा..."

बाईंनी रिसीव्हर ठेवला. "ते आलेत," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"सगळे."

नऊ मजले जिने चढून पावलं वर येत होती. मध्येच थांबत, मग पुन्हा चालू होत. सिद्धांत रविवारचे पोहे खायला आला होता, तो पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. "काका, साखळी लावून उघडा," त्याने आतून सल्ला दिला. पद्माकररावांनी दार सताड उघडलं. आलेलं टपाल नाकारायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

दारात सात म्हातारे होते. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत घोंगड्या, भुवयांवर आणि मिशांवर धुक्याचं पांढरं पाणी.  मग पुढचा, उंच आणि वाकलेला, धापा टाकत म्हणाला, "राम-राम जी। आपकी लिफ्ट ख़राब सै।"

भुताला लिफ्टची अडचण नसते, एवढं सिद्धांतला बशीसकट सुचलं आणि तो बाहेर आला.

हे श्यामसिंह. पानिपतजवळच्या एका खेड्यात, जुने लोक त्याला अजून छावणीच म्हणत, ते प्राथमिक शाळेचे मास्तर होते, आता निवृत्त. गावाचे सगळे अर्ज तेच लिहीत. चारशे बारा पाकिटं बघून पोस्टमन रडकुंडीला आला आणि त्याने ती मास्तरांच्या ओट्यावर आणून ओतली. मास्तरांनी एकेक नाव वाचायला घेतलं.

"हमारे गाँव में सात घर हैं जी, जिनके पुरखे दक्खन से फौज के साथ आए थे," ते चहाचा पेला दोन्ही हातांत धरून सांगू लागले. "ब्याह में हम उन सातों के नाम पुकारते हैं, तब फेरे होते हैं। और कुछ हमें मालूम नहीं। बस नाम। मैंने आपकी चिट्ठियाँ देखीं, तो सातों निकले।"

"सातही?" कुमुदिनीबाईंनी मराठीतच विचारलं.

"सातों। बाक़ी चार सौ पाँच का वहाँ कोई मिला नहीं। वे मैंने लौटा दीं।" मास्तर जरा ओशाळले. "माफ़ करना जी।"

"लेकिन जवाब उन्हीं के नाम से क्यों?" पद्माकररावांना यातली कार्यालयीन बाजू समजून घ्यायची होती.

"चिट्ठी जिसके नाम आए, जवाब भी उसी के नाम से जाएगा। हम बीच में कौन? अँगूठा हर घर के सबसे बूढ़े का है।"

यावर पद्माकररावांनी मान डोलावली. त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत इतकं रीतसर उत्तर कोणी दिलं नव्हतं.

बाकीचे सहा जण नुसते ऐकत होते. राशनच्या यादीतून नाव गेलं की काय होतं, मतदारयादीतून गेलं की काय होतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. ही कसली यादी, कोण ठेवतं, हे त्यांना कळलं नव्हतं. पण नाव कापणार म्हटल्यावर जाऊन उभं राहायचं असतं, हे कळलं होतं. म्हणून धुक्यातून तीन बसा बदलून ते आले होते. त्यातल्या हसनच्या घरच्या म्हाताऱ्याने तर घराचं लाइटबिलही पुरावा म्हणून आणलं होतं.

"और राघो?" बाईंनी सातवं पत्र पुढे केलं. "बारह बरस बाद लौटा था, यह किसने लिखा?"

"मैंने। राघो हमारे घर का है।" श्यामसिंहांनी पेला खाली ठेवला. "दादा बताते थे। बारह साल बाद पैदल घर पहुँचा। घरवाले उसका किरया-करम कर चुके थे। कहा, तू भूत है, या ठग है। पानी तक नहीं दिया। तो वापस आ गया। और जाता कहाँ?"

 बारा वर्षं बातमी नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, हा रिवाज कुमुदिनीबाईंना माहीत होता. एकदा पुतळा जळाला की माणूस मेला. मग तो स्वतः दारात येऊन उभा राहिला तरी मेलेलाच. त्यांनी हे कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. आज त्याच घरचा माणूस समोर बसला होता.

"तो नाम रहेगा न जी?" श्यामसिंहांनी विचारलं.

बाई उठल्या. फोनपाशी गेल्या आणि सात म्हाताऱ्यांसमोर, नवऱ्यासमोर आणि सिद्धांतसमोर त्यांनी चोप्रांना घरी गाठलं. "चोप्राजी, लिस्ट वापस डालिए। पूरी। हाँ, जून तो जून।"

"आपका नाम चला जाएगा, मैडम!" चोप्रांचा आवाज फोनबाहेर ऐकू आला.

"जाने दीजिए," बाई म्हणाल्या, आणि मगच पद्माकररावांना कळलं की आपल्या बायकोने काय केलं होतं आणि आता काय केलं.  त्यांनी पोह्यांचं पातेलं पाहुण्यांपुढे आणून ठेवलं.

सिद्धांतने तीन महिने रोज एक तास बसून चारशे बारा चौकोनांतून माणसं बाहेर काढली. राघोपुढचा शेरा बाईंनी स्वतः बदलला, 'बारा वर्षांनी परत आला. घरच्यांनी ओळखले नाही.' यावर डॉ. भटनागरांनी 'प्रमाण?' असं लाल शाईत लिहिलं. लेखी पुरावा बाईंकडे नव्हता. त्यांनी 'मौखिक परंपरा' असं लिहिलं, पण इतिहासाच्या बाईला ते मनातून लागून राहिलं.

ग्रंथ जूनच्या अखेरीस निघाला, तेव्हा धुक्याच्या जागी भाजून काढणारी लू वाहत होती. ते नऊ विद्वान, त्यांना मागाहून स्मरणपत्रं जाऊनही, अखेरपर्यंत उत्तर न देता वगळले गेले. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी वेळेत उत्तरं दिली, हयात असलेल्यांनी नाही. मुखपृष्ठावर 'संपादक : डॉ. भटनागर' असं ठळक होतं. बाईंनी मन घट्ट केलेलं होतं. आभारांत तरी आपण असू म्हणून त्यांनी ते पान पाहिलं. तिथेही त्या नव्हत्या. मग त्यांनी आपली यादी उघडली, आणि शेवटच्या पानावर त्यांची नजर खिळली.

'४१३. कुमुदिनी खांबेटे. गाव : द्वारका, नवी दिल्ली, पिन ११००७५. अखेरची माहिती : करोल बाग. परत आला नाही.'

 त्यांनी अकराव्या मजल्यावर फोन लावला.

"काकू, सॉरी यार, आत्ता बघितलं," सिद्धांत रडवेल्या आवाजात म्हणाला. "भटनागरांना संपादक केलं तेव्हा तुमची खूण काढावी लागली. आणि बिनखुणेचा माणूस सिस्टिम आपोआप हरवलेल्यांत टाकते."

"तुमची सिस्टिम शहाणी आहे रे," बाई म्हणाल्या.

पद्माकररावांनी पान उन्हाकडे धरून वाचलं. "पिन कोड मात्र बरोबर छापलाय," ते म्हणाले. बायकोचं एवढं नाव गेलं, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. पण जे चांगलं आहे त्याला चांगलं म्हणायची त्यांची सवय जुनी होती.

आणि त्या पिन कोडाचाच उपयोग झाला. पुण्याच्या एका वर्तमानपत्राने यादीची छोटी बातमी छापली, आणि ऑगस्टात सातारा जिल्ह्यातून एक जाड पाकीट आलं. वर पत्ता होता, 'अनुक्रमांक ४१३ यांस'.

'सप्रेम नमस्कार. वर्तमानपत्रात वाचून ग्रंथ मागवला. यादीत पुरा पत्ता असलेल्या आपण एकट्याच, म्हणून आपणांस लिहीत आहे. यादीतील राघो कासार हे आमचे पूर्वज. ते परत आले असे आपण छापले आहे, ते साफ खोटे असून आमच्या घराण्याची बेअब्रू करणारे आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे की, पुतळा करून त्यांचे क्रियाकर्म रीतसर झाले, आणि त्याच सालच्या शिमग्यात एक भामटा दारात येऊन उभा राहिला. त्याने घरातल्या एकूण एक माणसाची नावे बरोबर सांगितली. म्हशीचेही सांगितले. खांद्यावरचा भाजल्याचा डाग दाखवला. त्यावरूनच तो किती तयारीचा भामटा होता, हे आमच्या वडीलधाऱ्यांच्या ध्यानात आले. त्यास पाणीदेखील न देता हाकलण्यात आले. तरी सदर नाव यादीतून त्वरित वगळावे. कळावे. शांताराम कासार, निवृत्त तलाठी, मौजे चिंचसरे.'

कुमुदिनीबाईंनी पत्र दोनदा वाचलं. म्हशीपाशी त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे कधी भरले ते कळलं नाही. जो पुरावा त्यांना जगात कुठे मिळाला नसता, तो या रागावलेल्या तलाठ्याने सहीशिक्क्यानिशी घरपोच केला होता.

मास्तरांच्या गावात फोन एकच होता, नाक्यावरच्या पीसीओवर. दुकानदाराने श्यामसिंहांना बोलावून आणेपर्यंत बाई रिसीव्हर कानाला लावून उभ्या राहिल्या.

"मास्टरजी, राघो के घर से चिट्ठी आई है। सातारा से।"

पलीकडे खरखर होती. "क्या लिखा है?"

गोड काहीतरी सांगावं असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण चौतीस वर्षांची सवय आडवी आली. "लिखा है कि वह ठग था। और नाम काट दो।"

"अच्छा," श्यामसिंह म्हणाले.  मग हळूच, "मतलब, आया था, यह मानते हैं?"

"मानते हैं। लिखकर दिया है। घर में सबके नाम उसने सही बताए थे, यह भी लिखा है।"

 रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग लांबून, दुकानाच्या दारातून असावा, म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज ऐकू आला, "अरे सुणो! घर तै चिट्ठी आई सै!"

कोणीतरी ओरडून विचारलं, "के लिख्या सै, मास्टरजी?"

श्यामसिंह क्षणभर थांबले. मग म्हणाले, "सब राजी-खुसी सैं।"